त्रेंतो येथील बिऱ्हाडे

परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाच्या हातून इतिहासाची साधने पुष्कळ निर्माण होतात. परंतु त्या साधनांत तो स्वतः क्वचितच आढळतो. तहनामे, ठराव, हिशेब आणि पत्रव्यवहार यांची बाडे तो सिद्ध करितो. मात्र ज्या भाड्याच्या खोलीत बसून ती त्याने लिहिली तिचे भाडे काय होते, हिवाळ्यात जळण मिळाले की नाही, आणि घरच्या पत्राची वाट पाहत तो किती वेळा दारापर्यंत जाऊन आला, हे दफ्तरात येत नाही. या सामान्य नियमास एक अपवाद आमच्या वाचनात आला. आल्प्स पर्वताच्या कुशीतील त्रेंतो नावाच्या लहानशा जुन्या नगरीत सोळाव्या शतकात युरोपातील निरनिराळ्या देशांची माणसे कामानिमित्त येऊन राहिली, आणि मधले खंड जमेस धरता त्यांची ही बिऱ्हाडे अठरा वर्षे टिकली. त्यांच्या चिटणिसाने ठरावांच्या बाडांबरोबरच आपली रोजनिशीही लिहून ठेविली. त्या बिऱ्हाडांची हकीकत आम्ही येथे सांगत आहोत. कारण आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस बिऱ्हाड या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

इंग्रजी पुस्तकांतून ही नगरी 'ट्रेंट' या नावाने येते, आणि १५४५ ते १५६३ या काळात येथे भरलेली रोमन कॅथलिक पंथाची धर्मपरिषद 'ट्रेंटची परिषद' म्हणून प्रसिद्ध आहे. ल्यूथरने १५१७ साली उभारलेल्या बंडामुळे पश्चिमेकडील ख्रिस्ती समाज दुभंगला. त्या बंडास उत्तर देणे व आपल्याच घरातील गैरशिस्त मोडणे, या दोन कामांसाठी ही परिषद बोलाविण्यात आली. तिच्या धर्मशास्त्रीय ठरावांचा ऊहापोह करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु त्या गैरशिस्तीत एक बाब अशी होती की तिच्याविषयी कोणाही सरकारी नोकरास मत देता येईल. ती म्हणजे नेमणूक एका ठिकाणी आणि वास्तव्य दुसऱ्याच ठिकाणी, ही. तिच्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

प्रथम स्थळ पाहू. आम्ही त्रेंतो प्रत्यक्ष पाहिलेले नाही; नकाशे, चित्रे आणि पुस्तके एवढेच आमचे साधन. जर्मनीतून ब्रेन्नरचा घाट उतरून इटलीत येणारा रस्ता आदिजे नदीच्या खोऱ्यातून वेरोनाकडे जातो, त्या रस्त्यावर हे गाव वसलेले आहे. गाव स्वतः समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर उंचीवर. परंतु सभोवार डोंगरांच्या भिंती, त्यांपैकी बोंदोने आणि पागानेल्ला हे दोन हजार मीटरांहून उंच. अशा खोलगट जागी उन्हाळ्यात उकाडा कोंडतो व हिवाळ्यात ऊन उशिरा येऊन लवकर जाते. येथील किल्ल्याच्या गरुड बुरुजात सन १४०० च्या सुमारास काढलेल्या बारमासाच्या भित्तिचित्रांपैकी बहुतेक अद्याप शाबूत आहेत. त्यांतील जानेवारी महिन्याच्या चित्रात भरजरी पोशाखाचे स्त्रीपुरुष एकमेकांस बर्फाचे गोळे मारीत आहेत. गावच्या माणसांस हिवाळा हा खेळ वाटत होता; नेपल्स वा सिसिलीहून आलेल्या पाहुण्यास तो तसा वाटला नसेल.

गावाची वस्ती त्या काळी सात-आठ हजारांची. भाषा बहुतांशी इटालियन, परंतु एक मोहल्ला जर्मन कारागिरांचा व व्यापाऱ्यांचा. राज्य ना इटलीतील कोणा राजाचे, ना थेट सम्राटाचे. येथील बिशप हाच राजा होता, आणि तो पवित्र रोमन साम्राज्याचा मांडलिक होता. या दुहेरीपणामुळेच गाव निवडले गेले. जर्मन लोकांची मागणी अशी की परिषद जर्मन भूमीवर व्हावी. पोपचा आग्रह असा की ती आपल्या हाताच्या अंतरावर असावी. मांतुआ ठरले, ते फिसकटले. विचेन्त्सा ठरले, तेथे कोणी आले नाही. अखेर कायद्याने साम्राज्यातले व बोलीने इटलीतले असे हे गाव दोन्ही पक्षांनी पत्करले. सरहद्दीवरील गावांचे महत्त्व बहुधा असेच, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही गावावर एकमत न झाल्यामुळे, वाढत असते.

१५१४ ते १५३९ या काळातील बिशप बर्नार्दो क्लेसियो हा दूरदृष्टीचा पुरुष होता. त्याने रस्ते नीट केले, सांता मारिया माज्जोरे हे देवालय नव्याने बांधिले, आणि बुओनकोन्सिलियो या जुन्या किल्ल्यास लागून नवा महाल उठवून तो रोमानिनो व दोस्सो दोस्सी यांच्यासारख्या चित्रकारांकडून रंगवून घेतला. परिषद पाहण्यास तो राहिला नाही. यजमानपण त्याच्यानंतर आलेल्या क्रिस्तोफोरो माद्रुत्सो या तरुण, सढळ हाताच्या आणि मेजवान्यांची हौस असलेल्या बिशपाच्या वाट्यास आले.

परिषद १५ मार्च १५४५ रोजी सुरू व्हावयाची होती. पोपचे दोन मुखत्यार, कार्डिनल देल मोन्ते व कार्डिनल चेर्विनी, दोन दिवस आधी गावात दाखल झाले. पाहतात तो यजमान बिशप आणि बिऱ्हाडांची तजवीज करण्यासाठी पुढे पाठविलेला ला कावाचा बिशप तोम्मासो सानफेलिचे, एवढेच हजर! एका धर्मपरिषदेस हे संख्याबळ अपुरे होते. मार्च गेला, उन्हाळा गेला, द्राक्षांची खुडणी होऊन गेली. कोणी येई, चार आठवडे राही, आणि परिषद सुरू होण्याचे चिन्ह दिसेना म्हणून रजा मागू लागे. रोमचे पत्र एक म्हणे, सम्राटाचे पत्र दुसरे म्हणे. मुख्य कचेरीच्या हुकुमाची वाट पाहत ज्यांनी कोठे नवी कचेरी थाटली असेल, त्यांस या नऊ महिन्यांचे वर्णन अधिक करून सांगावयास नको.

या प्रतीक्षेच्या काळाची माहिती आपणास मिळते ती आंजेलो मासारेल्ली याच्यामुळे. हा १५१० साली सान सेवेरिनो येथे जन्मलेला, चेर्विनीच्या पदरी असलेला चिटणीस. पुढे तो परिषदेचाच चिटणीस झाला व तिन्ही पर्वांत त्या जागेवर राहिला. आज कोण आले, कोण गेले, कोण कोणाकडे जेवला, रोमची टपाल आली की नाही, हे सारे तो टिपून ठेवी. अशा सात रोजनिश्या त्याच्या नावावर आहेत. तीन-साडेतीन शतके त्या दफ्तरात पडून होत्या. १९०१ पासून जर्मन पंडितांनी परिषदेची समग्र कागदपत्रे छापण्यास आरंभ केला, तेव्हा त्या विद्वानांच्या हाती आल्या. तत्पूर्वी परिषदेचे दोन मोठे इतिहास होते. पाओलो सार्पीचा १६१९ साली लंडनमध्ये छापलेला ग्रंथ परिषदेस झोडपणारा; त्यास उत्तर म्हणून पाल्लाविचिनो याने १६५६-५७ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ तिचा कैवार घेणारा. दोघेही मोठे लेखक. परंतु दोघांसही निकाल आधी ठाऊक होता. मासारेल्लीस तो ठाऊक नव्हता. उद्या काय होणार हे न कळता आजची नोंद करणारा मनुष्य आम्हास या दोघांहून अधिक विश्वसनीय वाटतो. यात आमचा स्वजातीचा अभिमान असल्यास वाचकांनी क्षमा करावी.

१३ डिसेंबर १५४५, रविवार. पवित्र त्रयीच्या देवालयातून मिरवणूक निघाली व सान विजिलियोच्या मुख्य देवालयात परिषदेचे उद्घाटन झाले. बिशप हजर होते ते तीसच्याही आत, आणि त्यांपैकी बहुतेक इटालियन. जर्मनीतील ज्या फाटाफुटीसाठी हा सारा खटाटोप, तेथील माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. मोठ्या बैठका देवालयात होत. परंतु रोजची खडाजंगी प्रातो घराण्याच्या वाड्यात चाले. तो वाडा १८४५ साली आगीत भस्म झाला. पुढे त्या जागी गावचे मुख्य टपाल कार्यालय उभे राहिले.

दक्षिण इटलीतील कित्येक बिशपांची पीठे अत्यंत गरीब होती. घरी त्यांचा निर्वाह कसाबसा होई. परगावी नोकरचाकर, घोडी आणि दोन खोल्या सांभाळून तो होईना. परिषदेची गर्दी म्हटल्यावर गावात महागाई आलीच. मुखत्यारांनी रोमला लिहून अशा बिशपांसाठी पोपकडून पैशाची मदत मागून घेतली. मदत मिळाली, परंतु तिच्याबरोबर एक कुजबुजही आली. ज्यास पोपच्या खजिन्यातून भत्ता मिळतो तो मत कोणाच्या बाजूने देणार, असे सम्राटाच्या पक्षाचे लोक विचारू लागले. भत्ता घेणाऱ्यास उपाशी राहून निःपक्षपाती राहा असे सांगणे सोपे आहे. आम्ही ते धाडस करणार नाही.

कोंडलेल्या खोऱ्यात, एकाच चौकात, त्याच त्याच तोंडांसमोर महिनोन् महिने राहिल्याने माणसांचा स्वभाव कसा होतो याचे उदाहरण १५४६ च्या जुलैमध्ये घडले. ईश्वरी कृपा व मनुष्याचे कर्तृत्व यांवर कडाक्याचा वाद चालला होता. बैठक उठत असता क्रीट बेटावरील पीठाचा बिशप झानेत्तीनी याने सानफेलिचेस उद्देशून, हा एक तर मूर्ख असावा किंवा लुच्चा, अशा अर्थाचे उद्गार काढले. बिऱ्हाडांची व्यवस्था पाहणारा तोच हा सानफेलिचे! त्याने पुढे होऊन त्या वृद्धाची दाढी धरली व हिसडली. केस हाती आले. धर्माचार्यांवर हात टाकण्याची शिक्षा बहिष्कार; तीच त्यास झाली व एका मठात त्यास अटकेत ठेवण्यात आले. पुढे त्यास क्षमा मिळाली, आणि मार खाणाऱ्यानेच त्याच्यासाठी रदबदली केली असे सांगतात. गाव मोठे असते तर दोघे वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी गेले असते.

आतापर्यंत सांगितले ते, आज ना उद्या घरी परतणाऱ्या लोकांविषयी. परंतु या मेळाव्यात काही माणसे अशी होती की त्यांस परतण्यास घर नव्हते. तिसरा मुखत्यार कार्डिनल रेजिनल्ड पोल हा इंग्लंडच्या राजकुळातला. आठव्या हेन्रीशी विरोध केल्यामुळे देशास मुकलेला. त्याच्या वृद्ध आईचा १५४१ साली लंडनमध्ये शिरच्छेद झाला होता. उप्सालाचा आर्चबिशप ओलाउस माग्नुस हा स्वीडनचा. त्याचा देश ल्यूथरपंथी झाल्यामुळे त्याचे पीठ नावापुरते उरले होते, आणि तो इटलीत बसून उत्तरेकडील आपल्या हरवलेल्या मुलखाचे वर्णन लिहीत होता. त्याने १५३९ साली व्हेनिसमध्ये छापविलेला उत्तर युरोपचा नकाशा आणि १५५५ सालचा उत्तरेकडील लोकांविषयीचा ग्रंथ आजही पंडित वाचतात. बर्फावरून घसरत जाणारी माणसे, गोठलेल्या समुद्रावरचे बाजार, हे सारे त्याने आठवणीने लिहिले. तो परत गेला नाही, १५५७ साली रोमला वारला. स्कॉटलंडचा रॉबर्ट वॉकोप हा जवळजवळ अंध, आयर्लंडातील आर्माचा आर्चबिशप. परिषदेच्या काळात त्याच्या पीठावर इंग्लंडच्या राजाने नेमलेला दुसराच इसम बसला होता.

आणि अशा माणसांसमोर प्रश्न मांडला गेला तो हा की, बिशपाने आपल्या पीठाच्या ठिकाणी राहिलेच पाहिजे काय?

हा प्रश्न का निघाला ते सांगितले पाहिजे. त्या काळी बिशपाचे पीठ म्हणजे उत्पन्नाची जहागीर झाली होती. एकेका बड्या कार्डिनलाच्या नावावर दोन-दोन, तीन-तीन पीठे असत. उत्पन्न त्याच्याकडे जाई, काम एखादा अल्पवेतनी मुतालिक पाही, आणि स्वामी रोमच्या दरबारात वावरे. मिलानच्या पीठावर इप्पोलितो देस्ते हा वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास बसविला गेला. मिलान शहरात ऐंशी वर्षे कोणी आर्चबिशप येऊन राहिलाच नव्हता. फार कशास, आमचा यजमान माद्रुत्सो हाही त्रेंतोबरोबर ब्रिक्सेनच्या पीठाचा कारभार पाहत होता, आणि पुढे वर्षभर मिलानचा सुभेदारही झाला. जेथे मेंढपाळच मुक्कामास नाही तेथे मेंढरे लांडग्याने नेली तर नवल कोणते, हा ल्यूथरपंथीयांचा टोमणा खोटा नव्हता.

१३ जानेवारी १५४७ रोजी परिषदेने ठराव केला की योग्य कारणावाचून जो बिशप सलग सहा महिने आपल्या पीठाबाहेर राहील त्याचे वर्षाचे चतुर्थांश उत्पन्न कापावे. आणखी सहा महिने राहिल्यास आणखी चतुर्थांश. हा ठराव करणारे सर्वजण आपापल्या पीठांपासून शेकडो कोस दूर होते, कित्येकांस वर्ष उलटून गेले होते. अर्थात ते परिषदेच्या कामावर होते, म्हणून त्यांचे वेतन कापले गेले नाही. तो ठराव लिहून घेताना मासारेल्लीच्या मनात काय आले असेल, याचा विचार मात्र आम्ही पुष्कळ वेळा केला आहे.

तो हिवाळा संपतो न संपतो तोच गावात ठिपक्यांचा ताप शिरला. मार्चच्या आरंभी कापाच्चोचा बिशप त्यात दगावला. परिषदेचा वैद्य होता वेरोनाचा गिरोलामो फ्राकास्तोरो. रोग हा अदृश्य बीजांनी एकापासून दुसऱ्यास जडतो असे प्रतिपादन करणारा त्याचा ग्रंथ आदल्याच वर्षी, १५४६ साली, छापून निघाला होता. त्याने धोक्याचा अभिप्राय दिला. ११ मार्च रोजी परिषद बोलोन्यास हलविण्याचे ठरले. बोलोन्या पोपच्या राज्यातले. तेव्हा वैद्याचा अभिप्राय कोणाच्या सोयीचा होता हे शत्रूंनी लगेच हेरले. सम्राट पाचव्या चार्ल्सने आपल्या पक्षाच्या बिशपांस हुकूम पाठविला की जागचे हलू नका. कार्डिनल पाचेकोच्या नेतृत्वाखाली हे मूठभर, बहुतांशी स्पॅनिश लोक त्रेंतोतच राहिले. बैठक भरविण्याची त्यांस मनाई, कारण तसे केल्यास उघड फूट झाली असती. घरी जाण्याचीही मनाई, कारण मग सम्राटाचा हक्क बुडाला असता. काम नाही, रजाही नाही, अशा स्थितीत ते १५४९ पर्यंत त्या ओसाड झालेल्या गावात दिवस काढीत बसले. परिषदेच्या इतिहासकारांनी त्यांना चार ओळींत आटोपले आहे. आमचे मन मात्र त्या बिऱ्हाडांपाशी घुटमळते.

दुसरे पर्व, १५५१-५२ चे, थोडक्यात सांगता येते. देल मोन्ते आता स्वतःच पोप झाला होता. जर्मन प्रोटेस्टंट वकीलही या वेळी आले. स्ट्रासबुर्गच्या वतीने आलेला स्लायडानुस हा पुढे त्या काळाचा इतिहासकार म्हणून नावारूपास आला. पण सॅक्सनीच्या मॉरिसने सम्राटावरच स्वारी केली. इन्सब्रुकमध्ये संधिवाताने जर्जर होऊन पडलेल्या चार्ल्सला रातोरात पळावे लागले. त्याआधीच, एप्रिलच्या अखेरीस, परिषद तहकूब करून बिशप डोंगरवाटांनी पांगले होते. दहा वर्षे गाव पुन्हा आपल्या उद्योगास लागले.

१८ जानेवारी १५६२ रोजी परिषद पुन्हा उघडली, ती मात्र पूर्वीच्या धर्तीवर नव्हे. दोनशेहून अधिक धर्माचार्य, राजांचे वकील, त्यांचे शास्त्री, स्वयंपाकी, मोतद्दार आणि हत्यारबंद शिपाई अशी दाटी त्या लहान गावात झाली. चर्चेच्या बैठका आता क्लेसियोने बांधलेल्या सांता मारिया माज्जोरेत होत. कामकाजाच्या सूत्रांचे दुसरे टोक रोमला, पोपचा भाचा कार्लो बोर्रोमेओ याच्या हाती. प्रत्येक वादग्रस्त कलमावर रोमला स्वार जाई आणि उत्तर येईपर्यंत येथे शब्दांचा काथ्याकूट चाले. पवित्र आत्मा रोमहून टपालाच्या थैलीतून येतो, असा विनोद त्या वेळी रूढ झाला होता.

मानपानाचे प्रकरणही या पर्वात शिगेस पोहोचले. स्पेनचा वकील, लुनाचा काउंट, १५६३ च्या वसंतात येऊन रोक्काब्रूना घराण्याच्या नव्या वाड्यात उतरला. त्याची बैठक फ्रान्सच्या वकिलांच्या वर असावी की खाली, यावर कित्येक आठवडे खल झाला. अखेर त्यास रांगेबाहेर, चिटणिसाच्या मेजाजवळ, वेगळी खुर्ची देण्यात आली. रांगच नाही म्हणजे वरखाली नाही. परंतु २९ जून रोजी देवालयात धूप प्रथम कोणास दाखवावा हा प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि पूजा चालू असताच बाचाबाची झाली. तोड निघाली ती अशी की त्या दिवशी धूप कोणासच दाखवू नये. राजशिष्टाचार खात्यात ज्यांनी काम केले आहे ते या तोडीचे मर्म जाणतील.

त्याच वर्षीचा मार्च महिना अशुभ ठरला. २ तारखेस मुख्य मुखत्यार कार्डिनल एरकोले गोंझागा तापाने वारला. त्याच्या पाठोपाठ इटालियन व स्पॅनिश बिशपांच्या चाकरांत रस्त्यावर तलवारी निसटल्या, रक्त सांडले, आणि काही दिवस बैठका बंद ठेवाव्या लागल्या. १७ तारखेस दुसरा मुखत्यार, विद्वान सेरिपान्दो, हाही गेला. गोंझागाचा देह मांतुआस नेण्यात आला. सेरिपान्दो नेपल्सचा, त्यास त्रेंतोतच सान मार्कोच्या देवालयात मूठमाती मिळाली.

या दोघांच्या अखेरच्या वर्षाला ग्रासून राहिलेला वाद होता तो पुन्हा बिऱ्हाडाचाच. बिशपाने आपल्या पीठाशी राहण्याचे कर्तव्य ईश्वराने घालून दिलेले आहे, की केवळ चर्चच्या कायद्याने? ईश्वराने घातलेले असल्यास पोपलाही त्यातून सूट देता येणार नाही, आणि रोमच्या दरबारातील अर्धे लोक एका दिवसात सामान बांधावयास लागतील. स्पॅनिश बिशप पहिल्या मताचे. पोर्तुगालमधील ब्रागाचा आर्चबिशप बार्तोलोमेउ हाही त्याच मताचा. हा साधा, कडक राहणीचा मनुष्य परिषद सुरू होण्यापूर्वीच, १५६१ च्या मे महिन्यात, त्रेंतोस येऊन बसला होता. महनीय कार्डिनलांस महनीय सुधारणेची गरज आहे, असे तो त्यांच्या तोंडावर म्हणाला. गोंझागा व सेरिपान्दो यांनी १५६२ च्या एप्रिलमध्ये हा प्रश्न मतास घातला, तेव्हा सभा दुभंगली. रोमची इतराजी त्या दोघांवर झाली आणि मरेपर्यंत पुरती गेली नाही.

नवा मुख्य मुखत्यार मोरोने हा वाटाघाटीत मुरलेला. १५ जुलै १५६३ च्या ठरावात त्याने ईश्वराचे नाव आणले, परंतु अशा रीतीने की बिशपाने आपली मेंढरे ओळखावी ही आज्ञा ईश्वरी. तिच्यासाठी किती दिवस राहावे हे परिषद सांगणार. गैरहजेरी वर्षातून दोन, फार तर तीन महिने. ख्रिस्तजन्म, ईस्टर आदी सणांस आपल्या पीठातच हजर असले पाहिजे. अपवाद चार: परोपकार, तातडीची निकड, वरिष्ठांची आज्ञा, आणि धर्माचे अथवा राज्याचे उघड हित. यांपैकी तिसऱ्या अपवादातून केवढा हत्ती जाऊ शकतो, हे आमच्या वाचकांस समजावून सांगण्याचे कारण नाही. तरीही ठराव कागदावरच राहिला असे नव्हे. ज्या बोर्रोमेओने रोममध्ये बसून परिषदेस हुकूम पाठविले, तोच १५६५ साली रोम सोडून आपल्या मिलानच्या पीठात राहावयास गेला. ऐंशी वर्षांनी त्या शहरास आपला आर्चबिशप पाहावयास मिळाला.

या सभागृहात आपल्या देशाचे नाव एकदा निघाले होते. १५६२ च्या सप्टेंबरात पूर्वेकडील एका सिरियन पंथप्रमुखाचे पत्र वाचले गेले. त्यात मलबारातील ख्रिस्ती आपल्या अधिकाराखाली असल्याचे म्हटले होते. पोर्तुगालच्या वकिलाने तात्काळ उठून हरकत घेतली की हिंदुस्थानातील ते लोक गोव्याच्या आर्चबिशपाखाली मोडतात. मलबारच्या ख्रिस्ती लोकांचा एकही प्रतिनिधी तेथे नव्हता.

४ डिसेंबर १५६३ रोजी परिषद संपली. पोप आजारी असल्याचे वृत्त आल्याने शेवटची कलमे घाईने उरकली गेली. सह्या झाल्या २५५. अठरा वर्षांपूर्वी आलेल्यांपैकी फारच थोडे उरले होते. एकमेकांशी हाडवैराने भांडलेले वृद्ध मिठ्या मारून रडले, असे पाहणाऱ्यांनी लिहिले आहे. घाटात बर्फ पडण्यापूर्वी निघण्याची प्रत्येकास घाई होती. लुनाचा काउंट मागे राहिला. त्याच महिन्याच्या अखेरीस तो त्याच रोक्काब्रूना वाड्यात मरण पावला.

ठराव मात्र दूरवर गेले. प्रत्येक प्रांतात धर्मसभा भरवून ते अमलात आणावे, असे एक कलम होते. त्यास अनुसरून १५६७ साली गोव्यात पहिली प्रांतिक धर्मसभा भरली. विवाहाची नोंदवही प्रत्येक देवालयात ठेवावी, हे त्रेंतोतील कलम. गोव्यातील जुन्या घराण्यांच्या वंशावळी शोधताना अशा नोंदवह्यांचा उपयोग होतो. लोकांस धर्मोपदेश त्यांच्या भाषेत करावा, हेही एक कलम. आणि १५७९ साली गोव्यात आलेला इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स याने 'क्रिस्तपुराण' मराठी ओवीत रचून १६१६ साली राचोल येथे छापविले, ते त्याच वाऱ्याचे फळ मानावयास हरकत नाही. घरापासून हजारो कोस दूर असलेल्या त्या परक्याने आमची भाषा आपलीशी केली, याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहो. परंतु दुसरी बाजू लपविणे इतिहासास शोभणार नाही. त्याच १५६७ च्या सभेने हिंदूंच्या पूजाविधींवर निर्बंध मागितले. आणि त्याच दशकात पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली. त्रेंतोच्या ठरावांत देवळे पाडण्याचे कलम नव्हते. पाडणाऱ्यांस त्याची गरजही वाटली नाही. कुठ्ठाळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. नावे मूळ गावांची आणि मुक्काम परमुलखात, ही स्थिती आमच्या कुलदैवतांसही चुकली नाही. आणि ती बिऱ्हाडे आजतागायत तेथेच आहेत.

त्रेंतोचे बिशपी राज्य १८०३ साली खालसा झाले. पुढे गाव ऑस्ट्रियाकडे गेले व पहिल्या महायुद्धानंतर इटलीत आले. गावाला वळसा घालणारी आदिजे नदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सरळ काढून बाहेर वळविण्यात आली, त्यामुळे जुन्या चित्रातील नदीकाठ आता शोधून सापडत नाही. मुख्य देवालयापुढील चौकात १७६८ साली बांधलेले नेपच्यूनचे कारंजे आहे. ज्या गावातून परके लोक निघून जाण्याची वाट पाहत होते, तेथे १९६२ साली उच्च शिक्षणाची एक संस्था निघाली, तिचेच पुढे विद्यापीठ झाले. आता परगावचे विद्यार्थी तेथे खोल्या शोधीत येतात.

चिटणीस मासारेल्ली कागदपत्रांचे पेटारे घेऊन रोमला परतला व ते नीट लावण्याच्या कामास लागला. परिषदेच्या सेवेत असतानाच, १५५७ साली, त्यास नेपल्सच्या राज्यातील तेलेसे या पीठाचे बिशपपद मिळाले होते. बिशपाने आपल्या पीठात राहावे हा ठराव दोन वेळा झाला, आणि दोन्ही वेळा तो त्याच्याच दफ्तरी दाखल झाला. १५६६ च्या जुलैमध्ये मासारेल्ली वारला, तो रोम येथे.